मोठ्या टेक कंपनीची मुलाखत कशी द्यायची: मराठवाड्यातल्या नव्या इंजिनिअरांसाठी

माझ्या पहिल्या मोठ्या मुलाखतीत मी पंधरा-वीस मिनिटं एक शब्दही बोलले नाही. प्रश्न कळला होता, वहीत जुळवाजुळव चालू होती. मधेच पलीकडून आवाज आला, "आर यू देअर?" त्या माणसाला वाटलं, माझं नेट गेलं. मी "येस सर" म्हणाले आणि पुन्हा गप्प. उत्तर शेवटी बरोबर आलं. चार दिवसांनी नकाराचा मेल आला.

तेव्हा लई राग आला होता. उत्तर बरोबर, मग नकार काहून? आज मी स्वतः मुलाखती घेते तेव्हा उलगडा होतो. मुलाखत संपली की घेणाऱ्याला पानभर लिहून द्यावं लागतं: उमेदवारानं विचार कसा केला, कुठं अडला, कसा सुटला. माझ्याबद्दल त्या माणसाकडं लिहायला काहीच नव्हतं.

आपल्याकडं शाळेत उत्तर पक्कं असेल तरच हात वर करायचा असतो. चुकलं तर वर्ग हसतो. परभणी जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेत दहा वर्षं हीच सवय लागली आणि ती मोडायला मला वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल किंवा हिंजवडीत एखाद्या सर्व्हिस कंपनीत दोन-तीन वर्षं काढली असतील, तर हे तुमच्यासाठी आहे.

१. आधी टप्पे समजून घ्या

कंपनी कोणतीही असो, साचा साधारण सारखाच. आधी रिक्रुटरचा फोन किंवा मेल. मग ऑनलाइन टेस्ट, बहुतेक वेळा दोन प्रश्न. मग ४५ मिनिटं ते तासाभराचा एक कोडिंग राउंड. त्यातून निघालात तर चार-पाच राउंडची माळ, कधी एकाच दिवशी, कधी दोन-तीन दिवसांत.

निर्णय कोण घेतं, हे मात्र माहीत असू द्या. गूगलमध्ये मुलाखत घेणारे आपापलं टिपण लिहितात आणि तुम्हाला कधीही न भेटलेली समिती ती टिपणं वाचून ठरवते. ॲमेझॉनमध्ये एक 'बार रेझर' असतो. तो दुसऱ्याच टीमचा माणूस असतो, त्याला ती जागा भरायची घाई नसते आणि त्याच्या संमतीशिवाय ऑफर निघत नाही. म्हणजे समोरच्याला तुम्ही नुसते आवडून भागत नाही. त्याच्या हातून कागदावर काय उतरलं, त्यावर सगळं ठरतं.

२. रेझ्युमे आणि रेफरल

रेझ्युमे एक पान. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि खाली "वरील माहिती खरी आहे" असं लिहून ठिकाण-दिनांक-सही, हे सगळं काढा. तो लग्नाचा बायोडाटा झाला.

प्रत्येक ओळीत एक काम आणि त्याचा आकडा. "बँकिंग प्रोजेक्टवर काम केलं" यातून काही कळत नाही. "रोज रात्री ३ तास चालणारा रिपोर्ट क्वेरी बदलून २० मिनिटांवर आणला" यातून कळतं. आणि जे लिहाल त्यावर अर्धा तास बोलता आलं पाहिजे. माझ्या रेझ्युमेत 'मशीन लर्निंग' होतं, कॉलेजात एक सेमिनार दिला होता म्हणून. त्यावर दोन प्रश्न आले आणि उरलेला राउंड कसा गेला ते सांगत नाही.

रेफरल (कंपनीतल्या माणसाची शिफारस) मागताना लिंक्डइनवर "सर प्लीज रेफर मी" एवढंच लिहू नका. असे मेसेज ढिगानं येतात आणि कुणी उघडत नाही. चार ओळी लिहा: तुम्ही कोण, कोणत्या जागेसाठी (जॉब आयडीसकट), त्या जागेशी जुळणारं तुमचं एक काम, आणि रेझ्युमेची लिंक. आपल्या कॉलेजचे सिनियर आधी शोधा. विष्णुपुरीच्या एसजीजीएसची किंवा संभाजीनगरच्या शासकीय कॉलेजची माणसं हैदराबाद-बंगळुरूत भरपूर आहेत. खासगी कॉलेजातून असाल तर जिल्ह्याच्या नावानं शोधा, 'आपल्याकडचा' म्हटलं की माणूस उत्तर देतो. रेफरलनं रेझ्युमे वाचला जातो इतकंच, पुढची पायरी तुमची तुम्हालाच चढायची असते.

३. तयारी तोंडानं करायची

विषय सगळ्यांना माहीत असतात: ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, ट्री, ग्राफ, बायनरी सर्च, रिकर्शन आणि शेवटी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाची वेबसाइट) दीडशे-दोनशे प्रश्न नीट केले तर पुरे. नोकरी सांभाळून रोज दोन तास धरले तर चार-सहा महिने लागतात. पाचशे प्रश्न पाठ केलेली पोरं प्रश्नात एक अट बदलली की गडबडतात, हे मी दर महिन्याला बघते.

खरी अडचण वेगळीच आहे. आपण तयारी कुठं करतो? अभ्यासिकेत. नांदेड, लातूर, संभाजीनगर, गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. शेजारी एमपीएससीवाले बसलेले, नुसती खुर्ची सरकवली तरी दहा माना वळतात. जी सवय मोडायची तीच तिथं पक्की होते. वाचन तिथं करा, प्रश्न सोडवायला बाहेर पडा.

मी गावी असले की आप्पांना समजावून सांगायचे. आप्पा सेलूच्या मोंढ्यात मापाडी. शिक्षण सातवी, पण हिशोबात कुणाला ऐकायचे नाहीत. त्यांना मराठीतून सांगायचं: समजा अशी अशी यादी आहे, यातून मला हे काढायचंय, मी आधी हे बघते. मधेच ते विचारायचे, "बरं, पर दोन पोत्यांचं वजन सारखं निघालं तर?" नेमका तोच प्रश्न पुढं मुलाखतीत यायचा.

क्रम असा ठेवा. पहिले दोन महिने प्रश्न सोडवताना मराठीत मोठ्यानं बोला. विचार मराठीत स्वच्छ झाला की मग तेच इंग्रजीत बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, तरी ऐका. उच्चारांची काळजी सोडा. समोरचा माणूस तमिळ, बंगाली किंवा तेलुगू असतो आणि त्याचंही इंग्रजी त्याच्या गावचंच असतं. वाक्य छोटं ठेवा. मनात मराठी वाक्य जुळवून त्याचं भाषांतर करत बसलात की सूर तुटतो.

शेवटच्या महिन्यात आठवड्याला दोन सराव मुलाखती, मित्राबरोबर, घड्याळ लावून.

४. कोडिंग राउंड: पंचेचाळीस मिनिटांत काय बोलायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून एक प्रश्न पूर्ण करून दाखवते.

समजा विचारलं: मोंढ्यात आलेल्या पोत्यांच्या वजनांची यादी आहे. ज्यांची बेरीज बरोबर १०० किलो होते अशी दोन पोती आहेत का?

पहिली पाच मिनिटं कोडला हात लावू नका, विचारा. वजनं पूर्णांक आहेत की अपूर्णांक? यादी क्रमानं लावलेली आहे का? पोती किती, शंभर की एक लाख? दोनदा एकच पोतं चालेल का? फक्त हो-नाही सांगायचं की कोणती पोती तेही? प्रश्न मुद्दाम अर्धवट दिलेला असतो. न विचारता सुरुवात करणं हा सगळ्यात जास्त लोकांना नडलेला खड्डा आहे.

मग सगळ्यात साधा उपाय बोलून दाखवा, तो हळू असला तरी. प्रत्येक पोतं उरलेल्या प्रत्येकाबरोबर जोडून बघायचं. एक लाख पोती असतील तर जोड्या होतात सुमारे ५०० कोटी. संगणक सेकंदाला ढोबळमानानं १० कोटी साध्या क्रिया करतो असं धरलं तर ५० सेकंद. एवढा हिशोब तोंडानं केलात की समोरच्याला दिसतं की टाइम कॉम्प्लेक्सिटी (यादी वाढली की वेळ किती वाढतो ते) तुम्हाला नुसती पाठ नाही, कळली आहे. "हे चालेल, पण हळू आहे, सुधारते" असं म्हणा.

आता सुधारणा. यादी क्रमानं लावली, एक बोट सगळ्यात हलक्या पोत्यावर, एक सगळ्यात जड पोत्यावर. बेरीज कमी पडली की डावं बोट पुढं, जास्त झाली की उजवं मागं. क्रम लावायला लाख गुणिले सतरा, म्हणजे सतरा लाखांच्या आसपास तुलना. किंवा हॅशमॅप, म्हणजे हवं ते चटकन सापडेल अशी नोंद: ६२ किलोचं पोतं आलं की ३८ चं आधी येऊन गेलंय का, एवढंच बघायचं. एकाच फेरीत काम होतं, मोबदल्यात जागा जास्त लागते. दोन्ही सांगा, कोणता निवडता आणि का तेही सांगा. "तुम्हाला कोणता हवा?" असं विचारलं तरी चालतं.

कोड लिहितानाही बोलत राहा, पण क्रिकेटची कॉमेंट्री नको. "आता फॉर लूप लिहितेय, आता आय वाढवतेय" याचा उपयोग नाही. का करताय ते बोला: "आधी शोधते, मग हॅशमॅपमध्ये टाकते, नाहीतर ५० किलोचं एकच पोतं स्वतःशीच जुळेल आणि उत्तर चुकेल." आप्पांचा प्रश्न आठवला का?

कोड झाला की "डन" म्हणून हात झाडू नका. तीन-चार आकडे घेऊन ओळीनं ड्राय रन करा, म्हणजे कोड हातानं चालवून बघा. रिकामी यादी, एकच पोतं, दोन्ही ५० किलोची, जोडीच नाही, हे तपासा. चूक तुम्हीच पकडली तर ती तुमच्या बाजूनं लिहिली जाते.

अडलात तर? मिनिटभर शांत बसायची परवानगी मागा, "कॅन आय टेक अ मिनिट?" कुणी नाही म्हणत नाही. मग कुठं अडलंय ते सांगा. समोरच्यानं हिंट दिली तर ती घ्या. मला पूर्वी हिंट म्हणजे अपमान वाटायचा, कॉपी करताना पकडल्यासारखं. हिंट घेऊन पुढं सरकणारा माणूस टीमला हवाच असतो.

आणि दुसऱ्या खिडकीत एआय उघडून उत्तर वाचून दाखवू नका. डोळे कुठं जातात ते दिसतं. सात सेकंद थांबून एकदम पुस्तकी उत्तर आलं की कळतंच. याच भानगडीमुळं काही कंपन्या आता निदान एक राउंड समोरासमोर घेऊ लागल्या आहेत. बोलावणं हैदराबादचं आलं तर आपल्याला बरंच: १९५६ पर्यंत आपल्या आज्या-आजोबांची राजधानी तीच होती, आणि परभणी-नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस अजूनही सरळ तिकडं नेते. फक्त आदल्या दिवशी पोचा. आणि फळ्यावर मार्करनं कोड लिहायचा सराव करून जा, मोकळ्या फळ्यावर ओळी तिरक्या जातात आणि जागा पुरत नाही.

५. डिझाइन राउंड

फ्रेशरला सहसा नसतो. तीन-चार वर्षं अनुभव असेल तर येतो. लांब लिंक छोटी करून देणारी सेवा बांधा, असा काहीसा प्रश्न. इथंही आधी विचारा: वापरणारे किती, लिंक किती दिवस टिकवायची, लिहिणं जास्त की वाचणं? मग हिशोब. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं, सात जागा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख कोटी वेगळ्या लिंका. एवढ्या पुरतात. वाचणारे जास्त म्हणून मधे कॅश, म्हणजे सारखं लागणारं हाताशी ठेवायची जागा. त्यानंतर डेटाबेस. पहिल्याच मिनिटाला काफ्का आणि मायक्रोसर्व्हिसेस अशी जड तंत्रं फळ्यावर मांडणारा उमेदवार पुढच्याच 'का?'ला अडकतो.

६. स्वभावाचा राउंड

याला आपली पोरं गप्पांचा राउंड समजतात आणि तिथंच पडतात. ॲमेझॉनची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत आणि प्रत्येक राउंडमध्ये त्यावर प्रश्न असतात. बाकीच्यांकडंही या ना त्या रूपात हेच.

पाच-सहा खरे प्रसंग लिहून ठेवा. प्रत्येकात चार गोष्टी: प्रसंग काय होता, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही नेमकं काय केलं, शेवट काय झाला.

दोन खड्डे खास आपले. पहिला, 'आपण'. आपल्याकडं स्वतःचं कौतुक करणं बरं दिसत नाही, म्हणून "आपण केलं", "आमच्या टीमनं केलं" असं तोंडातून निघतं. इंग्रजीत ते 'वुई' होतं. समोरचा विचारतो, यात तू काय केलंस? मी एकदा तीन वेळा 'वुई' म्हणाले. चौथ्या वेळी त्यांनी थांबवलं. रात्री जागून ती क्वेरी मीच दुरुस्त केली होती आणि ते सांगायची मला लाज वाटत होती. 'आय' म्हणायचा सराव करा, खरंच.

दुसरा, मॅनेजरशी मतभेद कधी झाला, या प्रश्नावर "कधीच नाही" हे उत्तर. मोठ्या माणसापुढं बोलायचं नाही हे संस्कार ठीक, पण ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस चूक दिसली तरी गप्प बसेल. छोटा मतभेद सांगा: काय वाटलं, कोणता पुरावा दाखवला, शेवटी कुणाचं ऐकलं. तुमचं ऐकलं नसेल तरी चालतं.

७. लाईट, रेंज आणि भोंगा

गावाहून मुलाखत देणार असाल तर हे जमवा:

• लॅपटॉप पूर्ण चार्ज, राउटर असेल तर त्याला छोटा यूपीएस
• दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, दोन वेगळ्या फोनांत, दोन्हींचं हॉटस्पॉट आधी जोडून बघितलेलं
• वायरचा हेडफोन (ब्लूटूथवाला ऐन वेळी दगा देतो)
• कोरी वही, पेन, पाणी
• रिक्रुटरचा नंबर कागदावर, म्हणजे लाईट गेली तर फोन करता येईल

आदल्या दिवशी वायरमनला विचारा, उद्या कधी जाणार. त्यांना माहीत असतं. आमच्या घरी रेंज फक्त माळवदावर यायची, म्हणून एक राउंड मी उन्हात गोधडी डोक्यावर धरून दिला, स्क्रीन दिसेना. तसं करू नका. तालुक्याला एखाद्या नातेवाइकाची खोली मागा. तारीख निवडायला मिळते, ती लग्नतिथ आणि सप्ताह टाळून निवडा. मारुतीच्या देवळातला भोंगा म्यूट होत नाही.

८. ऑफर आली तर

सीटीसीचा (कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) आकडा बघून पेढे वाटू नका. त्यात मूळ पगार, कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस (लवकर सोडलं तर परत द्यावा लागतो) आणि चार वर्षांत वाटून मिळणारे शेअर, सगळं एकत्र असतं. ॲमेझॉनच्या नेहमीच्या पद्धतीत शेअर पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, मग ४०-४० असे येतात. महिन्याला हातात किती येणार, हे रिक्रुटरला सरळ विचारा.

लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. सर्व्हिस कंपन्यांचा नोटीस पिरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो, तो रिक्रुटरला पहिल्याच फोनवर सांगून टाका.

ट्रेनिंग, लॅपटॉप किंवा 'सिक्युरिटी डिपॉझिट' म्हणून कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही आणि तिचा मेल जीमेलवरून येत नाही.

नकार आला तर त्याच रात्री सगळे प्रश्न वहीत उतरवा, सकाळपर्यंत निम्मे विसरतात. सहा महिने ते वर्षभरानं बहुतेक ठिकाणी पुन्हा अर्ज करता येतो.

९. कागदपत्रं आणि पडताळणी

मुलाखत पास होऊन इथं लटकलेली माणसं मला माहीत आहेत.

• दहावी, बारावी आणि सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका
• डिग्री किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र
• आधार, पॅन, असल्यास पासपोर्ट
• आधीच्या कंपन्यांची ऑफर आणि रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६
• यूएएन नंबर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर)

नाव सगळीकडं एकसारखं आहे का बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, स्पेलिंगमध्ये एखादा 'एच' कमी. क्रमाचा फरक चालून जातो, स्पेलिंगचा अडतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, आणि जमेल तसं आधार-पॅन दुरुस्त करून घ्या.

विद्यापीठाचं नाव भरताना सावध. आपल्याकडच्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांची डिग्री लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची असते. संभाजीनगरचं आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. फॉर्मच्या यादीत दोन्ही नावं खाली-वर येतात आणि चुकीचं निवडलं की पडताळणी भलत्याच कचेरीत जाऊन पडते.

अनुभवाचं खोटं पत्र विकणारे पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतात. यूएएनवर तुमचा पीएफ कुणी, कधीपासून भरला ते सगळं दिसतं. मधे वर्षभर घरी होतात तर घरी होतात म्हणून सांगा.

शेवटचं, कायमच्या पत्त्याची पडताळणी. कधी मोबाईलवर लिंक येते, कधी माणूस घरी येतो. घरी आधी सांगून ठेवा. माझ्या वेळी माणूस आला तेव्हा आप्पा मोंढ्यात होते. त्यानं माझं नाव घेऊन विचारलं, इथं राहतात का? माय म्हणाली, "छे, लेकरू पुण्याला असतंय. इथं कोन राहतंय आता?" त्यानं तसंच लिहून नेलं. माझं जॉइनिंग तीन आठवडे पुढं गेलं.